व्हिजिटर व्हिसावर अमेरिकेत बँक खाते: उघडण्याआधी, उघडताना आणि परतल्यावर

मुलगा न्यू जर्सीत किंवा मुलगी कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली, आणि आई-वडील वर्षा-दोन वर्षांनी बी-२ या व्हिजिटर व्हिसावर चार-सहा महिने तिकडे जाऊन राहणारे, अशी कुटुंबे पुण्या-मुंबईतच नव्हे तर नाशिक, कोल्हापूर, अमरावतीतही आता भरपूर आहेत. अशा मुक्कामात केव्हा ना केव्हा विषय निघतोच की, प्रत्येक खर्चाला मुलाचे कार्ड मागण्यापेक्षा आपले स्वतःचे खाते तिथे असावे. नागरिक नसलेल्या, ग्रीन कार्ड नसलेल्या आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिथल्या सरकारने दिलेला ओळख क्रमांक, नसलेल्या पाहुण्याला अमेरिकेत बँक खाते उघडता येते का, तर येते. तसे करण्यास तेथील कोणत्याही संघीय कायद्याची मनाई नाही. मात्र अमेरिकेतील बँकेला तुम्ही कोण आहात एवढेच ठरवायचे असते, तर ते खाते कोणत्या पैशाने उघडले, परतल्यावर किती काळ ठेवले आणि विवरणपत्रात दाखवले की नाही, हे प्रश्न भारताचा कायदा विचारतो. म्हणून या कामाची खरी तयारी विमानात बसण्याआधीच करावी लागते.

गरज आहे का?

एकदाच तीन महिन्यांसाठी जाऊन येणार असाल तर माझ्या मते खाते उघडू नये. भारतातील बँकेचे फॉरेक्स कार्ड, जोडीला एक आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड आणि थोडे रोख डॉलर एवढ्यावर तो मुक्काम सहज पार पडतो. परदेशात असताना आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डावर केलेला खर्च भारतातून परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत विप्रेषण योजनेच्या, म्हणजे सगळे जिला एलआरएस म्हणतात त्या योजनेच्या, मर्यादेत धरण्याचा निर्णय २०२३ साली जाहीर होऊन लगेच पुढे ढकलण्यात आला, त्यामुळे कार्डाची सोय आजही मोकळी आहे. खाते कामाचे ठरते ते दरवर्षी जाणाऱ्यांना, तिथे दीर्घ उपचार घेणाऱ्यांना, आणि ज्यांना अमेरिकेतूनच काही येणे आहे त्यांना, उदाहरणार्थ जुन्या नोकरीतील शेअर विकल्याचे पैसे किंवा वारसाहक्काने आलेली रक्कम. एक गोष्ट स्वच्छ ध्यानात ठेवावी: बी-२ व्हिसावर काम करून मोबदला घेता येत नाही, आणि बँकेत खाते असल्याने त्यात काही फरक पडत नाही.

भारताच्या कायद्याने हे खाते कोणत्या प्रकारचे?

या टप्प्याकडे बहुतेक जण पाहतच नाहीत. फेमा, म्हणजे १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परदेशात परकीय चलनाचे खाते ठेवण्याचे काही ठरावीक मार्ग आहेत. पाहुण्याच्या उपयोगाचे त्यांपैकी दोन.

पहिला मार्ग भेटीपुरत्या खात्याचा. परकीय चलन खात्यांविषयीच्या २०१५ च्या विनियमांनुसार, शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या किंवा परदेशभेटीवर असलेल्या व्यक्तीला तिथल्या मुक्कामाच्या काळात तेथील बँकेत खाते उघडता आणि चालवता येते; अट अशी की भारतात परतल्यावर खात्यातील शिल्लक भारतात आणली पाहिजे. विद्यार्थी सुट्टीत घरी येऊन गेला तर शिक्षण संपेपर्यंत ते परतणे धरले जात नाही, पण ही सवलत विद्यार्थ्याची आहे, नातवंडांना भेटायला गेलेल्या आजी-आजोबांची नाही. व्यापारी प्रदर्शनात माल मांडायला जाणाऱ्यांसाठी याच विनियमांत वेगळी तरतूद आहे: विक्रीचे पैसे जमा करण्यासाठी खाते उघडता येते आणि प्रदर्शन संपल्यापासून एका महिन्यात शिल्लक भारतात आणावी लागते. हस्तकला, मसाले किंवा दागिने घेऊन परदेशी प्रदर्शनांना जाणाऱ्या छोट्या उद्योजकांनी ती आवर्जून वाचावी.

दुसरा मार्ग एलआरएसचा. फेब्रुवारी २००४ मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झालेल्या या योजनेत आता प्रत्येक निवासी व्यक्तीला, एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षात, सर्व कारणे मिळून २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि परदेशी बँकेत खाते उघडणे हे त्यातील मान्य कारणांपैकी एक आहे. भारतातील बँकेत पॅनसह ए-२ अर्ज भरून, कारणाच्या रकान्यात ‘परदेशात खाते उघडणे’ हाच कोड निवडून पाठवलेल्या पैशाचे खाते परतल्यावरही ठेवता येते. पण इथेही मोकळे रान नाही. एलआरएसखाली गेलेली आणि न वापरलेली, पुन्हा न गुंतवलेली रक्कम १८० दिवसांत भारतात परत आणावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पुढच्या वर्षी जाऊच, तोवर पडू दे, असा विचार करून मोठी रक्कम नुसती पडू देणार असाल तर पैसे पाठवतानाच आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागाला याविषयी लेखी विचारून ठेवावे.

इथे घाईत एक चूक फार होते. ऑनलाइन अर्जात ‘भेट’ किंवा ‘कुटुंबाचा निर्वाह’ हा पर्याय वरच दिसतो म्हणून तोच निवडला जातो, आणि पैसे मात्र स्वतःच्याच खात्यात जातात. स्वतःला भेट देता येत नाही. असा व्यवहार पुढे कुणी तपासला तर खुलासा करताना नाकी नऊ येतात.

एलआरएसखाली एका आर्थिक वर्षात सर्व बँका मिळून १० लाख रुपयांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ वसूल करते तो कर, लागत नाही. त्यापुढील रकमेवर, शिक्षण आणि वैद्यकीय उपचार ही कारणे वगळता, २० टक्के टीसीएस कापला जातो. हा जादा कर नाही. विवरणपत्रात त्याचे क्रेडिट मिळते किंवा परतावा येतो, पण तोपर्यंत पैसा अडकून पडतो, आणि निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला ते जाणवते.

घरून निघताना बरोबर काय असावे

अमेरिकेतील बँकांना ग्राहकाची ओळख पटवण्याचे जे नियम लागू आहेत ते २००१ च्या पॅट्रियट कायद्यातून आले आहेत. त्यांनुसार बँकेने किमान चार गोष्टी घ्यायच्या असतात: नाव, जन्मतारीख, पत्ता आणि ओळख क्रमांक. अमेरिकी नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हा क्रमांक पासपोर्टचा, तो देणाऱ्या देशाच्या नावासह, चालतो. सोशल सिक्युरिटी क्रमांक असलाच पाहिजे असे हा नियम म्हणत नाही. तशी सक्ती दिसते ती त्या त्या बँकेच्या स्वतःच्या धोरणामुळे. तो क्रमांक व्हिजिटर व्हिसावर मिळतच नाही, आणि आयटीआयएन हा करदात्याचा क्रमांक करविषयक कामासाठी असल्याने नुसत्या खात्यासाठी त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

मूळ पासपोर्ट आणि व्हिसा, पॅन कार्ड, भारतातील पत्त्याचा इंग्रजीतील पुरावा आणि भारतातील बँकेचे इंग्रजी खाते-उतारे एवढे घरून न्यावे. महावितरणचे बिल सहसा मराठीत येते, त्यामुळे तिथल्या काउंटरवर त्याचा उपयोग शून्य. त्याऐवजी पत्ता छापलेला बँकेचा उतारा किंवा पत्ता असलेले आधार कार्ड बरे. अमेरिकेत उतरल्यावर सीमाशुल्क व सीमा संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून आय-९४ ही प्रवेशनोंद काढून तिची छापील प्रत ठेवावी. देशात किती तारखेपर्यंत राहण्याची मुभा आहे ते व्हिसावर नव्हे तर या नोंदीत असते, आणि काही बँका ती मागतात.

नावाची बाब मराठी माणसाने वेगळी तपासावी. आपल्या पासपोर्टवर ‘नाव’ या रकान्यात बहुधा स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र छापलेले असते, आणि आडनाव वेगळे. अमेरिकी बँकेची यंत्रणा त्यातील दुसरा शब्द मधले नाव म्हणून घेते किंवा केवळ आद्याक्षर ठेवते. मग कार्डावर एक रूप, भारतातून येणाऱ्या तारेवर (वायर ट्रान्सफरवर) दुसरे, आणि पॅनवर तिसरे असा घोळ होऊन पैसे अडकतात. खाते उघडताना पडदा आपल्याकडे वळवून टंकलेले नाव दाखवायला सांगावे आणि ते पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावे. काही जुन्या पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा असतो. अशा वेळी अमेरिकी व्हिसावर पूर्ण नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही अक्षरे येतात, म्हणजे पहिले नाव अज्ञात. बँकेच्या कर्मचाऱ्याला हे ठाऊक नसले तर ‘एफएनयू’ हेच नाव म्हणून डेबिट कार्डावर छापून येते. शक्य असल्यास प्रवासाआधी पासपोर्टच दुरुस्त करून घेणे उत्तम.

शाखेत

केवळ ऑनलाइन चालणाऱ्या बँका या कामी सहसा उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांचा अर्ज सोशल सिक्युरिटी क्रमांकावाचून पुढे सरकत नाही. देशभर शाखा असलेली मोठी बँक किंवा मुलाचे आधीपासून खाते असलेली स्थानिक बँक निवडावी, आणि वेळ ठरवून प्रत्यक्ष जावे. क्रेडिट युनियनमध्येही, म्हणजे सभासदांच्या मालकीच्या सहकारी पतसंस्थेतही, तिच्या सभासदत्वाच्या अटी पूर्ण होत असतील, तर खाते उघडता येते. जाण्याआधी शाखेत फोन करून एकच नेमका प्रश्न विचारावा: अनिवासी परदेशी व्यक्तीचे, सोशल सिक्युरिटी क्रमांकाशिवाय, केवळ पासपोर्टवर खाते उघडता का, आणि सोबत कोणती कागदपत्रे लागतील? एका शाखेने नाही म्हटले तरी त्याच बँकेच्या, भारतीय वस्ती मोठी असलेल्या गावातील शाखेत विचारून पाहावे. एडिसन किंवा फ्रीमाँटसारख्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांसमोर भारतीय पासपोर्ट घेऊन बसलेले आई-वडील हा नित्याचा प्रसंग असतो.

मुलगा सोबत असावा, पण उत्तरे आपण द्यावीत. खाते कशासाठी हवे, महिन्याला साधारण किती रक्कम येईल-जाईल, पैसे कोठून येतील, परदेशातून तारेने रक्कम येणार का, असे प्रश्न विचारले जातात, आणि वडिलांच्या ऐवजी मुलगाच बोलू लागला की खरा खातेदार कोण, अशी शंका कर्मचाऱ्याला येणे साहजिक आहे. ‘मी भेटीसाठी आलो आहे, भारतात राहतो, मुक्कामातील खर्चासाठी खाते हवे आहे’ हे खरे उत्तर पुरेसे असते. काम सोपे व्हावे म्हणून मी इथलाच रहिवासी आहे असे सांगणे हा मूर्खपणा आहे. अमेरिकेत बँकेला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा संघीय गुन्हा ठरू शकतो.

पत्त्याच्या पुराव्यासाठी पाहुण्याच्या नावावर ना वीजबिल असते ना भाडेकरार. कुठे मुलाच्या घराचा करार आणि त्याचे पत्र चालते, तर कुठे पाहुण्याच्या नावाने त्या पत्त्यावर टपालाने आलेले पत्र मागतात. म्हणून विमा कंपनी किंवा दवाखान्याकडून एखादे पत्र आपल्या नावे त्या पत्त्यावर येईल अशी व्यवस्था सुरुवातीच्या दिवसांत करून ठेवावी.

अर्जातील तारखा महिना, दिवस, वर्ष या क्रमाने लिहायच्या असतात. ४ जुलै ही जन्मतारीख आपल्या सवयीने ०४/०७ लिहिली की तिथे ती ७ एप्रिल होते, आणि पुढे पासपोर्टशी न जुळल्याने खाते गोठण्यापर्यंत वेळ येऊ शकते. सही कोणत्या लिपीत आहे याला महत्त्व नाही, ती पासपोर्टवरील सहीशी जुळण्याला आहे.

खाते चेकिंग प्रकारचे, म्हणजे रोजच्या व्यवहारांचे, घ्यावे, आणि मासिक शुल्क कोणत्या अटीवर माफ होते ते तिथेच लिहून घ्यावे. अनेक खात्यांत ही अट पगार जमा होण्याची किंवा किमान शिल्लक ठेवण्याची असते. पाहुण्याचा पगार येणार नाही, म्हणजे शिल्लकेची अट पाळावी लागणार किंवा दरमहा शुल्क कापले जाणार. एटीएम आणि डेबिट कार्डाच्या किरकोळ व्यवहारांवर ओव्हरड्राफ्टचे शुल्क लावायला बँकेला ग्राहकाची आगाऊ संमती लागते. ती संमती देऊ नये. शिल्लक नसेल तर व्यवहार नाकारला जाईल, एवढेच होईल.

ठेवीच्या सुरक्षिततेची काळजी नसावी. एफडीआयसी या संघीय ठेव विमा संस्थेचा विमा प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेत, मालकीच्या प्रत्येक प्रकाराला २,५०,००० डॉलरपर्यंत मिळतो आणि त्यासाठी नागरिक वा रहिवासी असण्याची अट नाही. क्रेडिट युनियनच्या ठेवींना तेवढेच संरक्षण एनसीयूए या त्यांच्या संघीय नियामक संस्थेकडून असते.

डब्ल्यू-८बेन हा अर्ज

सह्यांच्या गठ्ठ्यातील सर्वांत महत्त्वाचा कागद हा. अमेरिकी करदात्यासाठी डब्ल्यू-९ आणि परदेशी व्यक्तीसाठी डब्ल्यू-८बेन अशी विभागणी आहे. सवयीने समोर डब्ल्यू-९ आला तर सही न करता दुसरा मागावा. डब्ल्यू-८बेनमध्ये कायमचा पत्ता म्हणून भारतातील पत्ता द्यायचा असतो, मुलाचा नव्हे. टपालाचा पत्ता वेगळा असेल तर त्याला स्वतंत्र ओळ आहे. परदेशी करक्रमांकाच्या जागी पॅन लिहावे. हा अर्ज सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत चालतो, म्हणजे २०२६ मध्ये दिलेला अर्ज ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. त्यानंतर नवा द्यावा लागतो.

या एका कागदामुळे अनिवासी परदेशी व्यक्तीच्या साध्या बँक ठेवीवरील व्याजावर अमेरिकेत कर कापला जात नाही, आणि हा कागद नसेल तर २४ टक्के कपात होऊ शकते. अमेरिकेत कर नाही म्हणून भारतातही नाही, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. ते व्याज भारतातील उत्पन्नात मिळवून आपल्या स्लॅबप्रमाणे कर भरायचा असतो. २०१५ साली दोन्ही देशांत झालेल्या, खात्यांची माहिती एकमेकांना देण्याच्या फॅटका कराराप्रमाणे, भारतात राहणाऱ्या व्यक्तीच्या ठेव खात्यात वर्षात १० डॉलरहून अधिक व्याज जमा झाले तर त्याची माहिती भारताच्या आयकर विभागाकडे येते.

मुक्कामाचे दिवस मोजावेत

आपण परदेशी आहोत हे डब्ल्यू-८बेनवर लिहिताना ते करकायद्याच्या अर्थाने खरे असले पाहिजे, आणि इथे दरवर्षी सहा-सहा महिने राहणारे आई-वडील नकळत अडकतात. व्हिसा व्हिजिटरचा असला तरी अमेरिकेचा करकायदा दिवस मोजतो. चालू वर्षात किमान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सर्व दिवस, अधिक मागील वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्यामागील वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश अशी बेरीज १८३ झाली, की व्यक्ती करापुरती अमेरिकेची रहिवासी ठरते. दरवर्षी १२० दिवस राहिल्यास बेरीज १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८० होते, म्हणून काळजी नाही. दरवर्षी १५० दिवस राहिल्यास ती १५० अधिक ५० अधिक २५, म्हणजे २२५ होते.

मर्यादा ओलांडली तरी, चालू वर्षातील दिवस १८३ पेक्षा कमी असतील आणि घर, संसार, मिळकत असा सारा जवळचा संबंध भारताशीच असेल, तर ८८४० क्रमांकाचा अर्ज आयआरएस या अमेरिकेच्या करखात्याकडे वेळेत दाखल करून अनिवासी राहता येते. तो न भरल्यास जगभरच्या उत्पन्नाचे विवरण तिथे देण्याचा, आणि भारतातील सर्व खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात केव्हाही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर ती खाती एफबार या परदेशी खात्यांच्या अहवालात तिथल्या सरकारला कळवण्याचा प्रश्न उभा राहतो. मुदत ठेवींवर संसार चालवणाऱ्या कोणत्याही निवृत्त जोडप्यासाठी १०,००० डॉलर ही मर्यादा लहानच आहे. त्यामुळे प्रत्येक फेरीच्या येण्या-जाण्याच्या तारखा एका वहीत लिहून ठेवणे हे खाते उघडण्याइतकेच महत्त्वाचे काम समजावे.

मुलासोबतचे संयुक्त खाते

मुलाच्याच खात्यात नाव घालून घ्यावे, हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. संयुक्त खात्यातील सर्व रक्कम एका खातेदाराच्या मृत्यूनंतर सहसा थेट दुसऱ्याची होते, त्यामुळे सून, जावई किंवा दुसरे भावंड यांच्यात गैरसमजाला जागा राहते. शिवाय एकाच्या देण्यापायी खात्यावर टाच आली तर दुसऱ्याचा पैसाही अडकतो. भारतीय विवरणपत्रात ते संपूर्ण खाते दाखवावे लागते, आणि मालकी नसून नुसता सहीचा अधिकार असला तरी तो जाहीर करण्यासाठी वेगळा तक्ता आहे. त्यापेक्षा स्वतःच्या नावाचे छोटे खाते उघडून मृत्यूनंतर रक्कम कोणाला द्यायची ते नाव बँकेत नोंदवावे; आपल्याकडील नामनिर्देशनाशी मिळतीजुळती ही सोय अनेक बँका फुकट देतात. अनिवासी परदेशी व्यक्तीच्या अमेरिकेतील मालमत्तेवर ६०,००० डॉलरपुढे इस्टेट कराचे, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणाऱ्या कराचे, विवरण लागते, पण तिथल्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या साध्या बँक ठेवी त्या मोजणीत येत नाहीत.

पैसे भरणे आणि वापरणे

भारतातून जाताना एका प्रवासात प्रत्यक्ष नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकीचे कार्डावर किंवा तारेने. एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाजवळ मिळून १०,००० डॉलरहून अधिक रोख असेल तर अमेरिकेत उतरताना ते जाहीर करावे लागते. जाहीर केल्यावर ते नेण्यास बंदी नाही. बँकेत १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख भरली की बँक त्याची नोंद सरकारला कळवते, आणि त्यातही घाबरण्यासारखे काही नाही. ती नोंद टाळण्यासाठी नऊ हजार आज, नऊ हजार परवा असे तुकडे करणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे, पैसा कितीही घामाचा असो.

भारतातून तार करताना बँकेचा स्विफ्ट कोड, खाते क्रमांक आणि नऊ अंकी राउटिंग क्रमांक लागतो. चेकवर छापलेला राउटिंग क्रमांक आणि तारेसाठीचा क्रमांक काही बँकांत वेगवेगळे असतात, म्हणून तारेचा क्रमांक शाखेतून लेखी घ्यावा. मुलाला आई-वडिलांना पैसे द्यायचेच असतील तर ते भारतातील त्यांच्या खात्यात पाठवणे सर्वांत सरळ. नातेवाइकाकडून आलेली ती रक्कम भारतात करपात्र नसते.

डेबिट कार्ड टपालाने येते, त्यामुळे परतीच्या आदल्या आठवड्यात खाते उघडू नये. कार्ड हरवल्याचे कळताच दोन कामकाजी दिवसांत बँकेला सांगितले, तर झालेल्या गैरव्यवहारातील खातेदाराची जबाबदारी कायद्याने ५० डॉलरपुरती राहते. उशीर केल्यास ती ५०० डॉलरपर्यंत आणि उताऱ्यानंतर ६० दिवसही उलटल्यास त्याहून पुढे जाऊ शकते.

परतल्यावर

सर्वांत आधी अडतो तो मोबाइल. खाते उघडताना दिलेला अमेरिकी क्रमांक परतल्यावर बंद पडतो, आणि लॉगिनचा सांकेतिक क्रमांक त्याच फोनवर जात राहतो. निघण्यापूर्वी बँक भारतीय क्रमांक स्वीकारते का ते पाहावे, नाहीतर ॲपमधून किंवा ईमेलवर सांकेतिक क्रमांक येईल अशी सोय करून घ्यावी. मुलाचा क्रमांक देऊन ठेवणे सोयीचे वाटते, पण तिकडे रात्र असताना इकडे आपल्याला व्यवहार करायचा असतो.

खाते ठेवले असेल तर आयकर विवरणपत्र आयटीआर-१ मध्ये भरता येत नाही. आयटीआर-२ किंवा व्यवसाय असल्यास आयटीआर-३ घ्यावा लागतो, आणि त्यातील परदेशी मालमत्तेच्या ‘शेड्यूल एफए’ या तक्त्यामध्ये बँकेचे नाव, पत्ता, खाते क्रमांक, उघडल्याची तारीख, वर्षातील सर्वाधिक शिल्लक, अखेरची शिल्लक आणि व्याज लिहावे लागते. हा तक्ता आर्थिक वर्षाचा नसून १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या कॅलेंडर वर्षाचा असतो, आणि रुपयांतील रूपांतर स्टेट बँकेच्या तार-खरेदी दराने करायचे असते. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असले, व्याज एक पैसाही नसले, तरी भारताच्या करकायद्याने ‘सर्वसाधारण रहिवासी’ ठरणाऱ्याला ही माहिती द्यावीच लागते. २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली ती न दिल्यास १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर वगळता एकूण परदेशी मालमत्ता २० लाख रुपयांपर्यंत असल्यास हा दंड लागू होत नाही, पण सूट दंडापासून आहे, माहिती देण्यापासून नाही.

वर्षानुवर्षे खात्यात एकही व्यवहार झाला नाही तर बँक ते निष्क्रिय ठरवते, आणि राज्याच्या कायद्यानुसार, बहुतेक ठिकाणी तीन ते पाच वर्षांनी, रक्कम राज्य सरकारच्या बेवारस मालमत्ता विभागाकडे जाते. ती तिथून परत मिळते, पण भारतात बसून ते सोपस्कार करणे त्रासाचे आहे. वर्षातून एक-दोनदा लहानसा व्यवहार करावा, किंवा पुन्हा जाणे निश्चित नसेल तर सरळ खाते बंद करावे.

भेटीपुरते खाते असेल तर ते निघण्याआधीच्या आठवड्यात शाखेत जाऊन बंद करणे उत्तम. शिल्लक खात्यातूनच तारेने आपल्या भारतातील बचत खात्यात पाठवावी. २०२६ पासून अमेरिकेतून रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन परदेशी पैसे पाठवल्यास १ टक्का कर लागतो, बँक खात्यातून थेट पाठवल्यास लागत नाही. लटकलेला एखादा चेक किंवा दरमहा आपोआप कापली जाणारी वर्गणी राहिली नाही ना ते पाहावे, खाते बंद झाल्याचे पत्र घ्यावे, आणि त्या कॅलेंडर वर्षाचे सर्व उतारे आधीच उतरवून ठेवावेत, कारण खाते बंद होताच लॉगिनही बंद होऊ शकते, आणि मार्चमध्ये बंद केलेले खातेसुद्धा त्या वर्षाच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवावे लागते.